चौदा ते सोळा मे

गोम्पो, १४ फेब्रुवारी २०१९

तेसोक,

तुझी खुशाली विचारत नाही. नऊ महिन्यांत तू माझी विचारली नाहीस. हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घर बदललंस म्हणतात, आणि तुझ्या ऑफिसचा पत्ता मला आता छापील मिळाला आहे.

कुठे मिळाला ते सांगते. प्रांत सरकारला आपल्या खाजणाच्या तोंडाशी बांध घालायचा आहे. बांधावरून रस्ता, आणि आतल्या चिखलात भराव टाकून कारखान्यांची वसाहत. हे तुला माहीत आहेच. त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या मशीनशेजारी, लोकांनी वाचावा म्हणून ठेवला आहे. तीन जाडजूड खंड. घरी न्यायचे नाहीत, झेरॉक्स काढायची नाही. बसून वाचायचं आणि आक्षेप असेल तर अर्जावर लिहून द्यायचा. मुदत पंधरा मार्चपर्यंत.

सध्या भांगाचे दिवस आहेत. पाणी धड उतरत नाही, खाजणात जाता येत नाही. म्हणून मी कचेरीत जाऊन बसले. वाचायला येणाऱ्यांनी वहीत नाव आणि वेळ लिहायची असते. माझ्याआधी एकच नाव होतं, आपले गावप्रमुख मुन. आले दहा वाजून पाच मिनिटांनी, गेले दहा वाजून नऊ मिनिटांनी. चार मिनिटांत एकोणीसशे पानं. शाळेत हाच मुन धडा वाचताना बोट हरवायचा.

मला सहा दिवस लागले. हान नावाची एक तरुण कारकून तिथे बसते. तिसऱ्या दिवशी तिने मला उशी आणून दिली. पाचव्या दिवशी म्हणाली, ‘‘मावशी, अजून कोणीच एवढं वाचलं नाही. मीसुद्धा नाही.’’

सहाव्या दिवशी दुसऱ्या खंडात पान सहाशे बारा आलं. खाजणातल्या जीवांचा तक्ता. वर तुझ्या ऑफिसचं नाव-पत्ता, आणि लिहिलंय: निरीक्षक, मा तेसोक. पहिली पाहणी जानेवारीत, दोन दिवस. दुसरी पाहणी १४ ते १६ मे २०१८. तक्त्यात खाली निवटी माशापुढे लिहिलंय: आढळली नाही.

मी पान उलटलं आणि परत मागे आणलं. मग तारखेवर बोट ठेवून बसून राहिले. हानने विचारलं, ‘‘चक्कर येतेय का?’’

तेसोक, १४ मेला सकाळी आई गेली. मोकपोच्या इस्पितळात. तिथल्याच खालच्या मजल्यावरच्या शोकविधीच्या हॉलमध्ये आपण तीन दिवस होतो. तू मुलगा म्हणून दंडाला पट्टी बांधून उभा होतास, येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होतास. तुझे गुडघे सुजले. पंधरा तारखेला दुपारी, लोक लाल रस्सा-भात खात असताना, तू मला सगळ्यांसमोर म्हणालास, ‘‘ताई, आईला तू त्या चिखलात मारलंस. ऐंशीला टेकली तरी चिखलावरच्या फळीवर बसवून शिंपल्या काढायला पाठवत राहिलीस.’’ आणि मी तुझ्या थोबाडीत दिली. सोळा तारखेला तिला पोचवलं आणि तू आमच्याबरोबर परत न येता थेट सोलला गेलास.

तर मग खाजणात होतं कोण?

आणि निवटी आढळली नाही म्हणे! मे महिन्यात आपल्या खाजणात ती चिखलावर उड्या मारत पायात येते. हिवाळाभर बिळात झोपलेली असते, हे तूच मला शाळेतून येऊन शिकवलंस. मेमध्ये ती दिसली नाही म्हणणारा एक तर आंधळा असेल, नाही तर आलाच नसेल.

तू आंधळा नाहीस.

मुदत संपेपर्यंत एक महिना आहे. तू स्वतः तुझ्या ऑफिसला कळव की ही तारीख खोटी आहे. तू नाही कळवलंस तर मी कळवीन.

पिलनाम


गोम्पो, २७ फेब्रुवारी

तेसोक,

फोन केलास, बरं केलंस. पण तू बोललास तेव्हा मी एवढी चिडले होते की नीट उत्तर देता आलं नाही. लिहूनच देते.

तू म्हणालास, ‘‘ताई, तो तक्ता मी भरला नाही. ऑफिसात भरला. मी फक्त सही केली.’’

मी म्हटलं, ‘‘मग सही मागे घे.’’

तू म्हणालास, ‘‘लायसन्स जाईल माझं. पंधरा वर्षं घालवलीत मी.’’

आणि वर तू म्हणालास, ‘‘तुला काय कळणार? तू कधी गावाबाहेर गेलीस?’’

नाही गेले. आईला मुलगा हवा होता, म्हणून माझं नाव पिलनाम ठेवलं. पुढचा मुलगाच होवो, असा त्याचा अर्थ. पुढचा यायला तेरा वर्षं लागली. तू आलास तेव्हा मी फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने चिखल ढकलायला शिकले होते. तुझी शाळा, मग कॉलेज, मग खेकड्यांवरचं ते मोठं पुस्तक लिहायला लागलेली चार वर्षं, हे सगळं आई आणि मी त्या चिखलातून शिंपल्या उपसून केलं. उपकार म्हणून सांगत नाही. आम्हाला हौस होती. आई बाजारात सांगायची, ‘‘माझा मुलगा खेकड्यांचा डॉक्टर आहे.’’ लोक हसायचे, तीही हसायची.

म्हणून मला कळतं. सही म्हणजे काय ते मला कळतं.

परवा समाजमंदिरात प्रकल्पवाल्यांची माहितीसभा झाली. दारातच प्रत्येकाला नाव छापलेला टॉवेल आणि दुपारच्या जेवणाचं कुपन. सूट घातलेल्या एका माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. निळं पाणी, हिरवी झाडं, बांधावरून सायकल चालवणारी पोरं. चाळीस मिनिटांत आटोपलं. मी हात वर केला.

‘‘या चित्रात आम्ही कुठे आहोत?’’

तो म्हणाला, ‘‘आजी, सगळ्यांना योग्य मोबदला मिळणार आहे.’’

मी म्हटलं, ‘‘मी आजी नाही. आणि मोबदला विचारला नाही. चित्रात कुठे, ते विचारलं.’’

मुन उठून म्हणाला, ‘‘पिलनाम ताई, जेवण गार होतंय.’’ लोक हसले आणि उठले. मीही जेवले. भाजलेला मासा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

पण जेवताना हान माझ्या शेजारी येऊन बसली आणि बशीतच बघत हळूच म्हणाली, ‘‘मावशी, माहितीसभा झाली म्हणजे संपलं असं नाही. तीस रहिवाशांनी लेखी मागणी केली तर त्यांना जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. तिथे प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं आणि सगळं लिहून घेतात. तीस. एकोणतीस चालत नाहीत.’’ मग ती उठून दुसऱ्या टेबलावर गेली.

मी तिच्याकडून साठ कोरे अर्ज आणलेत.

पिलनाम


गोम्पो, २० मार्च

तेसोक,

तुला वाटलं असेल मी थकले. नाही थकले. कामात होते.

पहिल्या आठवड्यात चौतीस अर्ज झाले. खाजणात उतरणाऱ्या बहुतेक सगळ्या बायकांनी दिले. अर्जावर कारण लिहायचं असतं, तर मी वाचून दाखवायचे आणि त्या सांगायच्या. एकीने लिहिलं, ‘मला दुसरं काही येत नाही.’ एकीने लिहिलं, ‘माझा नवरा दिवसभर घरी असतो, मला खाजण पाहिजे.’ मी म्हटलं, हे कारण चालायचं नाही. ती म्हणाली, ‘‘चालेल, तू लिही. वाचणारा पुरुष असेल तर समजेल.’’

मग मुन घरोघर फिरला. धमकी नाही दिली. तो तसा गोडच बोलतो. ‘‘तुमच्या मुलाला वसाहतीत नोकरीची शिफारस करायची आहे ना? मग नाव कशाला खराब करता?’’ एवढंच. तीन दिवसांत पाच जणींनी अर्ज मागे घेतले. त्यातली एक माझ्या दाराशी येऊन रडली. मी तिला आत घेतलं, मुळ्याचं लोणचं बांधून दिलं. काय करणार? तिचा मुलगा खरंच दोन वर्षं बसून आहे.

उरले एकोणतीस.

जोम्रे आजीकडे मी मुद्दाम गेले नव्हते. एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी, तिचा मुलगा मुनचा उजवा हात, आणि तिला लिहिता-वाचता येत नाही. पण मुदत संपायला दोन दिवस असताना तीच काठी टेकत आली.

‘‘माझा अर्ज कुठाय?’’

मी म्हटलं, ‘‘आजी, तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली अंगठा लावा.’’

अशी उसळली! ‘‘अंगठा? लग्नात लावला, जमिनीला लावला, रेशनला लावला. एवढी सरकारं आली-गेली, सगळ्यांना माझाच अंगठा. आता नाही लावत. मी लिहिणार.’’

‘‘परवापर्यंत?’’

‘‘मग शिकव भराभर.’’

दोन दिवस ती माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडून लिहीत होती. तिची बोटं शिंपल्या उपसून वाकलेली, पेन धरवेना. पेनाला कापडाची चिंधी गुंडाळली तेव्हा धरता आलं. काय लिहायचं ते तिने आधीच ठरवलं होतं. मी एक शब्द सुचवायला गेले तर म्हणाली, ‘‘तुझा अर्ज तू लिहिलास ना? गप.’’ सातशे मिली तांदळाची दारू आणि वाफवलेली रताळी संपली. तिने लिहिलेलं वाक्य हे: ‘मला विचारल्याशिवाय समुद्र बंद करू नका.’ खाली नाव. एक अक्षर उलटं पडलं होतं. मी दाखवलं नाही.

पंधरा तारखेला दुपारी चारला आम्ही दोघी कचेरीत गेलो. हानने अर्ज मोजले. पुन्हा मोजले. मग तिसावा अर्ज तिने वाचला आणि शिक्का मारताना म्हणाली, ‘‘आजी, अक्षर छान आहे.’’

जोम्रे आजी म्हणाली, ‘‘माहितीय.’’

माझ्या अर्जाला मी मोकपोच्या हॉलच्या दारावरच्या फलकाचा फोटो जोडला आहे. त्यावर आईचं नाव आहे, त्याखाली शोककर्ता म्हणून तुझं नाव आहे आणि अंत्ययात्रेची तारीख. तेव्हा आता माझ्या हातात काही नाही.

पिलनाम


गोम्पो, ६ एप्रिल

तेसोक,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. फोटो जोडला नव्हता.

कचेरीत नेला होता, पाकिटात होता. हानने विचारलं, ‘‘आणखी काही जोडायचंय?’’ आणि मी नाही म्हटलं. माझ्या अर्जात मी फक्त निवटीचं लिहिलं, तारखेचं नाही. तुला तसं कळवलं, कारण मला वाटलं घाबरून तू स्वतःच बोलशील. तू बोलला नाहीस. उलट तुझ्या कंपनीने प्रांताला लिहून दिलंय की मे महिन्याची पाहणी नियमाप्रमाणे झाली. हानने मला ते पत्र दाखवलं. त्यावरही तुझी सही आहे.

ही दुसरी सही. ही तर तुझ्या माहितीतली.

सुनावणी अठरा एप्रिलला जिल्ह्याच्या सभागृहात आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव चौथं आहे.

इथली हवाही तुला सांगते. मच्छीमार सोसायटीने बैठक घेऊन मला दोन महिने खाजणात उतरायला बंदी केली. कारण दिलंय, ‘गावाच्या एकजुटीस बाधा.’ पस्तीस वर्षांत मी एकही फेरी चुकवली नाही आणि आता बांधावर बसून दुसऱ्यांच्या फळ्या जाताना बघते. मुन माझ्याकडे आला होता. चहा घेतला, मग म्हणाला, ‘‘ताई, तू एकटीच शहाणी आहेस का? गावात पोरं उरली नाहीत. शाळेत सात मुलं आहेत. मी काय खाजणाच्या विरुद्ध आहे? माझीही आई तिथेच खपली. पण गाव राहायला माणसं लागतात.’’

हे खोटं नाही. मी एवढंच म्हटलं, ‘‘मग खरं सांगून करा ना. निवटी आहे म्हणा, पक्षी येतात म्हणा, तरीही आम्ही बुजवणार म्हणा. मग बघू कोण काय म्हणतं.’’ तो चहा अर्धा टाकून गेला.

आता एक गोष्ट, जी फोनवर मला जमली नाही. थोबाडीत मारल्याबद्दल मला माफ कर. लोकांसमोर मारायला नको होतं. आईसमोर तर नकोच. आणि तू म्हणालास ते पूर्ण खोटंही नव्हतं. शेवटच्या हिवाळ्यात मी तिला म्हणायला हवं होतं, आई, आता बस. मी म्हटलं नाही. ती नसली की मला तिथे एकटं वाटायचं.

ही माफी वेगळी आणि सुनावणी वेगळी. एकीच्या बदल्यात दुसरी असं समजू नकोस. अठरा तारखेपर्यंत तू बोललास तर मी निवटीवरच बोलेन आणि बसेन. नाही बोललास तर फोटो माझ्याबरोबर असेल. या वेळी खरंच.

पिलनाम


गोम्पो, १९ एप्रिल

तेसोक,

दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

सभागृह भरलं होतं. प्रकल्पाच्या बाजूच्या लोकांना दोन बस भरून आणलं होतं, डोक्याला पट्ट्या, हातात फलक. आमच्या बाजूला आम्ही एकवीस. नऊ जणी आल्याच नाहीत. जोम्रे आजी पहिल्या रांगेत, तिचा मुलगा समोरच्या बाजूच्या पहिल्या रांगेत. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, पण मधेच तिने त्याला खूण केली की शर्टाची कॉलर नीट कर. त्याने केली.

मधल्या टेबलावर अध्यक्ष म्हणून एक प्राध्यापक आणि शेजारी तुझ्या कंपनीचा व्यवस्थापक. तू असशील म्हणून मी सगळ्या रांगा बघितल्या. तू नव्हतास.

प्रत्येकाला पाच मिनिटं. माझी पाळी आली तेव्हा मागून कोणी तरी ओरडलं, ‘‘म्हातारे, घरी जा!’’ मी माइकमध्ये म्हटलं, ‘‘जाणारच आहे, पाच मिनिटांनी.’’ हशा झाला.

मी व्यवस्थापकाला विचारलं, ‘‘साहेब, मे महिन्यात तुमच्या माणसांना निवटी दिसली नाही?’’

‘‘अहवालात तसंच आहे.’’

‘‘एकही?’’

‘‘एकही नाही.’’

यावर हसले ते समोरच्या बाजूचे लोक. फलक धरलेले. सगळे याच किनाऱ्याचे, निवटीचा रस्सा खाऊन वाढलेले. एकाने खाली बघून फलकाने तोंड झाकलं. व्यवस्थापकाला कळेना काय झालं.

मग मी तारीख विचारली. तो पान बघून म्हणाला, ‘‘चौदा ते सोळा मे.’’

मी पाकीट उघडलं. फोटो अध्यक्षांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला. मृत, यांग गेरे. शोककर्ता मुलगा, मा तेसोक. अंत्ययात्रा, सोळा मे.

व्यवस्थापक म्हणाला, ‘‘एकाच नावाची दोन माणसं असू शकतात.’’

अध्यक्षांनी मला विचारलं, ‘‘आपण कोण यांच्या?’’

‘‘थोरली बहीण.’’

‘‘म्हणजे आपला भाऊ खोटं बोलला, असं आपल्याला नोंदवायचं आहे का? विचार करून सांगा, हे लिहून घेतलं जातंय.’’

तेसोक, घरून निघताना मी ठरवलं होतं, हो म्हणायचं. दोन महिने तेच पाठ केलं होतं. पण तोंडातून वेगळंच आलं. मी म्हटलं,

‘‘नाही. तो त्या तीन दिवसांत आपल्या आईजवळ होता, एवढं नोंदवायचंय. तो तिथून हलला नाही. शेकडो लोकांना वाकला. गुडघे सुजले तरी खाली बसला नाही. आणि या सरकारी कागदावर लिहिलंय की आई मेली तेव्हा तिचा मुलगा दुसरीकडे शिंपल्या मोजत होता. ते मला खोडून पाहिजे. माझ्या आईला असा मुलगा नव्हता.’’

मग मी खाली बसले. माझी अडीच मिनिटं उरली होती.

व्यवस्थापकाने नंतर सांगितलं की ती टायपिंगची चूक असेल. अध्यक्षांनी विचारलं, मग बरोबर तारीख कोणती? तो कागद चाळत राहिला. हे सगळं लिहून घेतलंय.

बाहेर मुन भेटला. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, ‘‘तेसोकला फोन केलास का?’’ मी नाही म्हटलं. ‘‘मग कर. आज त्याला एकटं ठेवू नको.’’ मी केला. अकरा वेळा. तू उचलला नाहीस.

मी नाव घेतलं, हे खरं आहे. मला पुन्हा तिथे उभं केलं तर पुन्हा घेईन.

पिलनाम


गोम्पो, २४ ऑगस्ट

तेसोक,

तुझं पत्र मिळालं. पावसात भिजून आलं होतं, पण दोनच ओळी असल्याने वाचता आलं.

आधी इथलं. पर्यावरण विभागाने अहवाल परत पाठवला. पाहणी पुन्हा करायची, चारही ऋतूंत, नव्या कंपनीकडून. बांध रद्द झाला नाही, एक वर्ष पुढे ढकलला गेला. जोम्रे आजीला मी हे समजावलं तर म्हणाली, ‘‘एक वर्ष म्हणजे माझ्यासाठी पुष्कळ आहे.’’ बायकांनी मेमध्येच मला खाजणात परत घेतलं, सोसायटीला न विचारता. मुनने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. अर्ध्या गावाशी अजून बोलणं नाही. माझ्या दारातल्या मिरच्यांच्या कुंड्या कोणी तरी फोडल्या. मी नव्या आणल्या, मोठ्या.

तुझं मला हानकडून कळलं. चौकशीत तू स्वतः लेखी दिलंस की तू फक्त जानेवारीत दोन दिवस आलास, मेचा तक्ता ऑफिसात भरला गेला आणि दोन्ही सह्या तुझ्याच आहेत. कोणावर ढकललं नाहीस. लायसन्स एक वर्षासाठी गेलं आणि कंपनीने काढून टाकलं. हे हान सांगत होती तेव्हा मी तिच्यासमोर रडले नाही. घरी येऊन भात लावला आणि तो करपला, एवढंच.

आईच्या वर्षश्राद्धाला तू आला नाहीस. मी एकटीनेच सगळं मांडलं. त्याबद्दल मी रागावले होते, आता नाही. त्या आठवड्यात तू ते लेखी देत होतास, हे तारखेवरून नंतर कळलं.

आता तुझं पत्र. लिहितोस, ‘ताई, तू भर सभेत माझं नाव घेतलंस. आता मी त्या गावात कुठल्या तोंडाने येऊ?’

आहे त्याच तोंडाने ये. इथे तुझ्याशी न बोलणारे बरेच भेटतील. ते माझ्याशीही बोलत नाहीत, तेव्हा जेवायला दोघं होऊ. माझ्यामुळे तुझं नुकसान झालं, हे मी कधीच नाकारणार नाही. पण त्याबद्दल माफी मागणार नाही. तू त्या कागदावर तसाच राहिला असतास तर मला तुझं तोंड बघवलं नसतं. आता बघवेल.

आणखी एक काम आहे. नवी पाहणी नऊ सप्टेंबरला सुरू होते. पाहणी करणाऱ्यांबरोबर गावातर्फे दोन माणसं राहतील, अशी आमची मागणी होती, ती मान्य झाली. एक मी. दुसरं नाव काल कचेरीत जाऊन भरलं. मा तेसोक.

हानने पेन खाली ठेवलं. ‘‘मावशी, त्यांचं लायसन्स स्थगित आहे.’’

मी म्हटलं, ‘‘सही करायला लायसन्स लागतं. चिखलात उभं राहून बघायला नाही लागत.’’

‘‘पण त्यांची संमती? तुम्ही विचारलंय का त्यांना?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि ते नको म्हणाले तर?’’

‘‘तर इथे येऊन तुला तसं सांगेल.’’

तिने शिक्का मारला.

तेव्हा यायचं नसेल, तर येऊन सांग. पत्राने कळवलेलं चालणार नाही.

पिलनाम